लघवी धरून ठेवणारे मूत्राशय

लागलेली नसतानाही ‘कशाला उगाच’ म्हणून प्रत्येक वेळी लघवीला जाऊन येणे ही चांगली सवय आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रवासाआधी एखाद्या वेळी तसे करण्याने काही बिघडत नाही. परंतु दिवसभर तेच चालू राहिले, तर मूत्राशयाला पुरेसे भरण्याची संधीच मिळत नाही आणि पुढे थोड्याशा लघवीनेही घाई होऊ लागते. असे का घडते, याचे उत्तर मूत्राशय भरते कसे यात आहे.

मूत्रपिंडांकडून मिनिटाला साधारण १ मिलिलिटर लघवी खाली उतरत असते आणि प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर सहज मावते. विलक्षण बाब अशी, की इतके भरूनही निरोगी मूत्राशयातील दाब जेमतेम १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकाच वाढतो. मूत्राशयाच्या अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातील, छत्रीसारख्या पसरट पेशींच्या आत चपट्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, साठवलेल्या असतात. ताण पडू लागला की त्या पृष्ठभागाला येऊन मिळतात व पेशीचे क्षेत्रफळ वाढवतात, आणि मूत्राशय रिकामे झाले की तो वाढीव भाग पुन्हा आत ओढला जातो. याच पृष्ठभागावरील युरोप्लाकिन या प्रथिनाच्या ताठ चकत्यांमुळे लघवीतील टाकाऊ द्रव्ये परत रक्तात झिरपत नाहीत. त्याच वेळी मज्जारज्जूतून येणारे चेतातंतू भिंतीतील स्नायूला सैल ठेवतात आणि मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू आवळून धरतात. दाब कमी राहणे मूत्रपिंडांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण तो सतत ४० सेंटिमीटरच्या वर राहिल्यास त्यांना इजा होण्याचा धोका असतो. मज्जारज्जूला दुखापत झालेल्या रुग्णांत डॉक्टर या दाबावर म्हणूनच लक्ष ठेवतात.

भिंत किती ताणली गेली, ही वार्ता पीझो-२ नावाच्या प्रथिनामार्फत पुढे जाते. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच सदोष असते, त्यांना मूत्राशय भरल्याची जाणीव नीट होत नाही आणि त्यांतील अनेकांना घड्याळ पाहून लघवीला जावे लागते, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पीझो प्रथिनांचा शोध लावणारे आर्डेम पॅटापुटियन २०२१ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. ही वार्ता मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) एका केंद्रापर्यंत पोहोचते, ज्याचे स्थान ब्रिटिश संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले होते. वरच्या मेंदूची परवानगी मिळेपर्यंत हे केंद्र थांबते. ती मिळताच आधी मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो आणि लगोलग मूत्राशय आकुंचन पावते. ‘आता जायलाच हवे’ हा निर्णय अशा रीतीने मेंदूचा असल्यामुळे तो सवयीने बिघडतो, तसाच दोन खेपांमधील अंतर हळूहळू वाढवून सुधारताही येतो. याउलट, वारंवार तासन्‌तास लघवी तुंबवल्यास स्नायू अतिताणला जाऊन मूत्राशय पूर्ण रिकामे होईनासे होऊ शकते आणि उरलेल्या लघवीत जंतूंचे फावते.

कॅफिन व मद्य घाई वाढवतात, बद्धकोष्ठतेत भरलेला मलाशय मूत्राशयावर दाब देतो, दीर्घकाळच्या मधुमेहात चेतातंतू बधिर होतात, तर वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी वाट अडवते. मूत्राशयाची ‘विषारी द्रव्ये काढून टाकण्यासाठी’ विकल्या जाणाऱ्या काढ्या-चूर्णांवर मात्र पैसे घालवण्याचे कारण नाही. लघवीतून ती द्रव्ये रोजच बाहेर पडतात.

खरी चिंता तंबाखूच्या धुराची आहे. त्यातील ॲरोमॅटिक अमाइन गटातील रसायने लघवीत उतरतात आणि तासन्‌तास अस्तराच्या संपर्कात राहतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट असतो. याच गटातील रसायने हाताळणाऱ्या रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये या अवयवाच्या गाठी आढळल्याचे लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्येच नोंदवले होते. या कर्करोगात लघवीतून रक्त जाते, पण बहुधा वेदना नसते आणि रक्त आपोआप थांबतेही. ते थांबले म्हणजे दुखणे गेले असे समजून अनेक जण तपासणी पुढे ढकलतात.