कपाटातली पुस्तकं आणि चौथीतली मुलं : सोलापूरच्या बालवाचनाची पार्श्वभूमी

'हल्लीची मुलं वाचत नाहीत' ही तक्रार सोलापुरात तरी नवी नाही. सिनेमाच्या नावाने झाली, केबलच्या नावाने झाली, आता मोबाइलच्या नावाने होते. तक्रार अगदीच खोटी नाही, पण ती सगळा दोष मुलांच्या आवडीवर टाकून मोकळी होते. शहराचा दीडेकशे वर्षांचा इतिहास वेगळं सांगतो. पुस्तक सहज घरी नेता येत होतं तेव्हा मुलं वाचायला लागली, आणि ही देवघेव जिथे थांबली तिथेच ती वाचनापासून सुटली.

सुरुवातीला मुलांचा प्रश्नच नव्हता. 19व्या शतकात सोलापुरात सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं ते वकील, कचेरीतले कारकून आणि पेठेतले व्यापारी यांच्यासाठी. आज ते हिराचंद नेमचंद वाचनालय म्हणून ओळखलं जातं. शेठ हिराचंद नेमचंद म्हणजे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातूनच चालवलं. म्हणजे व्यापारी घराण्याला छापील मजकुराची किंमत कळलेली होती, फक्त तो मजकूर मोठ्यांचा होता. मराठीत खास मुलांसाठी नियमित मासिक म्हणून वि. को. ओक यांचं 'बालबोध' 1881 मध्ये निघालं, आणि वा. गो. आपटे यांचा 'आनंद' 1906 मध्ये. अशी मासिकं पोचत नसत तिथे मुलाच्या हाती क्रमिक पुस्तक, पोथी किंवा घरी आलेलं वर्तमानपत्र, एवढंच.

खरा बदल गिरण्यांनी घडवला. 1870 च्या दशकात 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांची वस्ती या गावात एकत्र आली. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू, अक्कलकोटकडची कानडी, मोहल्ल्यांत उर्दू. महापालिकेच्या शाळा आजही या चारही माध्यमांत आहेत. पण दुकानाची पाटी, सिनेमाची जाहिरात आणि भाड्याने मिळणारं पुस्तक बहुतेक मराठीत.

भाड्याच्या पुस्तकांबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण वाचनसंस्कृतीच्या भाषणांत त्यांचं नाव कुणी काढत नाही. थोडी अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचं आणि दिवसाच्या हिशेबाने भाडं द्यायचं, असा खासगी वाचनालयांचा व्यवहार महाराष्ट्रातल्या गिरणगावांत चालायचा. तिथे सगळ्यात जास्त फिरायच्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराच्या वर लिहिल्या. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण नवशिक्या वाचकाला जे लागतं ते सगळं त्यात होतं: पानं कमी, वाक्यं आखूड, नायक ओळखीचा, आणि एक संपली की दुसरी तयार. भाडं दिवसाचं असल्याने पुस्तक पडून राहत नसे. नववी-दहावीतल्या मुलाचा वाचनाचा वेग अशा दोन-तीन डझन पुस्तकांत आपोआप वाढायचा, आणि मग त्याला जाड कादंबरीची धास्ती वाटत नसे.

लहानांसाठी तेच काम 'चांदोबा'ने केलं. मूळ मासिक 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमधून सुरू झालं, पुढच्या वर्षी कानडीतून, आणि मराठी आवृत्ती आली 1952 मध्ये. सोलापूरसारख्या गावात याचा अर्थ मोठा होता. चित्रं तीच, गोष्टींचा बाज तोच आणि लिपी मात्र ज्याची त्याची. बालभारतीची स्थापना 1967 ची. तिचं 'किशोर' 1971 मध्ये सुरू झालं आणि सरकारी छपाईमुळे स्वस्त राहिलं. 'चांदोबा' 2013 च्या सुमारास थांबला. 'किशोर' चालू आहे आणि त्याचे जुने अंकही इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात.

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात 1967 मध्ये झाला. त्यातून अ, ब, क, ड अशी वर्गवारी आणि अनुदान आलं, गावोगाव वाचनालयं निघाली. गाडं अडलं ते पैशात. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात लहान ग्रंथालयाला वर्षाला 30,000 रुपये मिळायचे. पुढे 60 टक्के वाढ झाली तेव्हा ते 48,000 झाले. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला तर एकुलत्या एका कर्मचाऱ्याच्या हाती महिन्याला 2,000 रुपये पडायचे. उरलेल्या निम्म्यात वर्तमानपत्रं, वीज, भाडं आणि पुस्तकं. अशा हिशेबात बालविभाग म्हणजे कोपऱ्यातलं एक रॅक, आणि तेही देणगीत आलेल्या पुस्तकांचं.

शाळेत पैसा तुलनेने बरा आहे. समग्र शिक्षा योजनेत 2018 पासून शाळेच्या टप्प्यानुसार ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांची तरतूद आहे. 50-60 रुपयांचं चित्रपुस्तक धरलं तर 5,000 मध्ये 80 ते 100 पुस्तकं येतात. एका वर्गाला ती पुरतात. तरीही अनेक शाळांत ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात राहतात, आणि कारण आळस नव्हे. पुस्तकं दाखल नोंदवहीत चढली की ती कुणाच्या तरी नावावर जबाबदारी होते. बदलीच्या वेळी चार्ज देताना पाच पुस्तकं कमी भरली तर भरपाई आपल्याच खिशातून, अशी शिक्षकांची धास्ती असते. म्हणून सुरक्षित मार्ग एकच: द्यायचंच नाही. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम मात्र मान्य करतात की दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला 5 गहाळ होणं वाजवी आहे, अप्रामाणिकपणा वा हलगर्जी नसली म्हणजे झालं. हे नियम केंद्राच्या कार्यालयांचे आहेत, शाळेला आपोआप लागू होत नाहीत. पण शाळा व्यवस्थापन समितीने असाच ठराव करून ठेवला तर कपाट उघडायचं धैर्य येतं. ठरावात दोन ओळी पुरतात: किती पुस्तकं गहाळ वा जीर्ण म्हणून दरवर्षी निर्लेखित करायची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायची, आणि ते कुणाच्या सहीने.

आता मूल नेमकं कुठे सुटतं ते पाहू. पहिला सांधा तिसरी-चौथीचा. देवनागरीत क्ष आणि ज्ञ धरून 36 व्यंजनं घेतली तर बाराखडीचीच 432 अक्षरं होतात. जोडाक्षरं, रफार आणि 'सुऱ्या'तला 'ऱ्य' वेगळा. त्यामुळे अक्षरओळख दुसरीत संपत नाही, ती चौथीपर्यंत सुरूच असते. राष्ट्रीय निपुण भारत अभियानाने 2021 मध्ये जी लक्ष्यं ठेवली त्यात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. आकडा परीक्षेसाठी नव्हे, कारणासाठी महत्त्वाचा. मूल मिनिटाला 20-25 शब्दांवर अडलं असेल तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. गोष्ट लागत नाही. आणि नेमकं तिसरीपासून परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळंच वाचून समजून घ्यायचं असतं. जे मूल वाचतं ते आणखी वाचतं, जे अडतं ते टाळतं, आणि वर्षभरात दोघांमधली दरी उघडी पडते.

सोलापुरात यात घरच्या भाषेची भर पडते. पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं मूल मराठी शाळेत 'ओसरी' किंवा 'हुरडा' हे शब्द खणखणीत वाचतं, पण त्याला वस्तू माहीत असते, तिचं मराठी नाव नसतं. शिक्षकाला वाटतं, वाचता येतंय. घरी आई विड्या वळत बसलेली, वडील मागावर. यंत्रमागाच्या खडखडाटात मोठ्याने वाचलेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. अशा मुलाला एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली तर मोठा फरक पडतो. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या 'स्टोरीव्हीव्हर' या इंटरनेटवरच्या मुक्त संग्रहात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चारही भाषांतली पुस्तकं आहेत आणि ती छापून वाटायलाही परवानगी आहे. तिथली पातळ्यांची वाटणी उपयोगाची: पहिली पातळी 250 शब्दांपर्यंत, दुसरी 250 ते 600, तिसरी 600 ते 1,500, चौथी त्याहून मोठी. चौथीच्या वर्गात चौथ्या पातळीची पुस्तकं ठेवणं ही नेहमीची चूक. निम्मी पुस्तकं इयत्तेपेक्षा खालच्या पातळीचीच हवीत.

वर्गातली देवघेव चालवायला फार लागत नाही. 40 मुलांना किमान 80 पुस्तकं, म्हणजे शेवटच्या मुलालाही निवड उरते. ती रॅकमध्ये उभी न लावता भिंतीला समांतर दोरी बांधून मुखपृष्ठ दिसेल अशी अडकवावीत. कणा वाचून पुस्तक निवडणं नवशिक्या वाचकाला जमत नाही. नोंदवहीत तीनच रकाने: नाव, पुस्तकाचा क्रमांक, परत केल्याची तारीख. ती मुलांनीच लिहावी. वाटप शनिवारी, परत सोमवारी. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक बदलून घ्यायची मुभा हवी, आणि बदललं म्हणून कुणी हसायचं नाही.

पुस्तकं फाटणारच. पिनांची पातळ पुस्तकं आधी मधल्या पानावर सुटतात, कारण पिना गंजून कागद खातात. पिना काढून कण्यावर तीन भोकं पाडावीत, जाड दोऱ्याने शिवावं आणि बाहेरून कापडी पट्टी लावावी. पान फाटलं तर सेलोटेप नको: तो वर्षभरात पिवळा पडतो, त्याचा चिकट भाग शेजारचं पान ओढतो. पातळ कागद आणि मैद्याची खळ बरी. खळीत कसर लागू नये म्हणून बाइंडर चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, तेव्हा हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र 'सारांश लिहून आण' या तीन शब्दांनी होतं. घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकामागे गृहपाठ चिकटला की मूल सगळ्यात बारीक पुस्तक उचलतं, मग उचलतच नाही. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन 2015 पासून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तकं मांडली जातात, फोटो निघतात, आणि 16 तारखेला पुस्तकं पुन्हा कपाटात. मोबाइलला सरसकट दोषी धरण्यातही अर्थ नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून तोच फोन अभ्यासाला जुंपल्याबद्दल. अडचण एवढीच की बऱ्याच घरांत फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर रात्री परत येतो.

दुसरा सांधा सातवी-आठवीचा आहे आणि तो अजून कुणी नीट जोडलेला नाही. चित्रपुस्तक पोरकट वाटतं आणि मोठ्यांची कादंबरी झेपत नाही. मधल्या वयाची, 80 ते 120 पानांची, मालिकेतली मराठी पुस्तकं मागणीच्या मानाने थोडी निघतात. जी जागा रहस्यकथा भरून काढायच्या ती, भाड्याची वाचनालयं मिटल्यावर, रिकामी राहिली. 2000 पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या, आणि मराठी बोलणारी पण मराठी सावकाश वाचणारी मुलं तयार झाली. त्यांना इंग्रजी पुस्तकही तेवढंच जड जातं.

याच काळात सार्वजनिक वाचनालयांनी उत्पन्नासाठी अभ्यासिका काढल्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात, स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि ग्रंथालयाचं एकही पुस्तक न उघडता जातात. त्यांचं महिन्याचं शुल्क बालविभागाच्या वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त. मग कार्यकारिणीच्या बैठकीत जागा कुणाला द्यायची हा प्रश्न लवकर सुटतो. बालविभाग उरतो तो संध्याकाळचे दोन तास, आणि आठवीतल्या मुलाची शिकवणी नेमकी त्याच वेळी असते.