मेसेज नेमका कुठे वाचला जातो?

जानेवारी २००५ मध्ये ग्रीसमधल्या व्होडाफोनच्या जाळ्यात काही एसएमएस पोचेनासे झाले. बिघाड शोधता शोधता यंत्रणा पुरवणाऱ्या एरिक्सन कंपनीचे अभियंते कॉल जोडणाऱ्या एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरले, तर तिथे कुणीतरी गुपचूप घुसवलेला प्रोग्रॅम निघाला. पंतप्रधान कोस्तास करामानलिस यांच्यासह सुमारे शंभर जणांचे कॉल त्याने कित्येक महिने निनावी प्रीपेड मोबाइलवर पोचवले होते. घुसखोरांना त्यासाठी ऐकण्याची यंत्रणा नव्याने बनवावी लागली नव्हती. पोलिसांच्या अधिकृत टॅपिंगसाठीची सोय एक्स्चेंजमध्ये आधीच होती, त्यांनी तीच वापरली.

मोबाइल कंपन्यांना अशी सोय बहुतेक देशांत कायद्यानेच ठेवावी लागते. भारतात साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो एका वेळी ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. आदेश आला की नंबर यादीवर चढतो आणि त्या नंबरच्या प्रत्येक कॉलची, एसएमएसची एक प्रत तपास यंत्रणेकडे जाऊ लागते. हे सगळं एक्स्चेंजमध्ये घडतं, तुमच्या फोनला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे कॉलमध्ये खरखर आली किंवा बॅटरी लवकर उतरली यावरून असं टॅपिंग ओळखता येत नाही.

एसएमएस तर या वाटेवर फारच उघडा पडतो. फोनपासून टॉवरपर्यंत त्याला सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) असतं, पण कंपनीच्या यंत्रणेत शिरल्यावर तो वाचता येईल अशा रूपातच पुढे जातो. त्यात जगभरच्या कंपन्या एकमेकींशी बोलतात ती एसएस७ ही जुनी पद्धत १९७० च्या दशकातली. समोरून विचारणा करणारी कंपनी खरंच तीच आहे का, याची खातरजमा तिच्यात मुळातच नाही. या ढिलाईचा फायदा घेऊन जर्मनीत चोरांनी बँकेचे एसएमएस कोड स्वतःकडे वळवले आणि ग्राहकांच्या खात्यांतून पैसे काढले, हे २०१७ मध्ये उघड झालं. ओटीपी आजही बहुतेकदा एसएमएसनेच येतो, ही मला खरोखर काळजीची गोष्ट वाटते.

व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवर मधली वाट बंद होते. मेसेज तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्लीच नसते. शिवाय प्रत्येक मेसेजला किल्ली बदलते, म्हणजे एखादी कुणाच्या हाती लागली तरी आधीची सगळी बातचीत उघडत नाही. गृहसचिवांचा आदेश घेऊन मोबाइल कंपनीकडे गेलं, तर एक्स्चेंजमधून फक्त न उलगडणारी अक्षरं मिळतील.

मग पाळत दोन्ही टोकांकडे सरकते. स्क्रीनवर मेसेज उघडाच असतो, म्हणून फोनमध्येच शिरायचं. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सॲप कॉलमधल्या एका त्रुटीतून सुमारे १,४०० फोन लक्ष्य केले, आणि कॉल उचलण्याचीसुद्धा गरज नव्हती. पण हे हत्यार महाग आहे. त्रुटी बुजवली की नवी शोधावी लागते. फोन बंद करून चालू केला तर असा प्रोग्रॅम अनेकदा टिकतही नाही. शोधणाऱ्यांचीही पंचाईत होते, कारण मागे खुणा फार थोड्या उरतात. भारतातल्या पेगाससच्या तक्रारींसाठी नेमलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर मिळालं, पण ते पेगाससच होतं असं समितीला ठामपणे सांगता आलं नाही.

मजकूर हाती लागला नाही तरी नोंदी उरतातच. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कोणत्या टॉवरशी जोडलेला होता, हे कंपन्यांना किमान दोन वर्षं जपावं लागतं. यालाच आपण सीडीआर म्हणतो. बातम्यांत ‘लोकेशन मिळालं’ असं छापून येतं तेव्हा सावध राहावं. शहरात एका टॉवरचा टापू काहीशे मीटरचा असतो, खेड्यात तो कित्येक किलोमीटरचा होतो. फोन अमुक घरात होता, असं टॉवरच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही.

आणि सगळ्यांचे सगळे मेसेज चाळणं? साधा हिशेब करून पाहा. एक कोटी मेसेजांत दहाच खरोखर घातक आहेत असं धरा. हजारात एकदाच चुकणारी चाळणी लावली, तरी दहा हजार निरपराध मेसेज संशयित ठरतात. इतकी अचूक चाळणी मराठीसाठी बनवणं तर आणखी अवघड, कारण आपण अर्धं मराठी रोमन लिपीत लिहितो आणि एकेका शब्दाची चार स्पेलिंगं करतो.

सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र यातलं बहुतेक काही येत नाही. त्याच्यावर पाळत असते ती घरातल्या किंवा ऑफिसातल्या माणसाची, आणि त्या माणसाला एक मिनिट अनलॉक फोन पुरतो. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे अनोळखी लॅपटॉप दिसला तर लगेच काढून टाका. बॅकअपलाही वेगळं कुलूप लावावं लागतं. ते आपोआप लागत नाही, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करायचं असतं.