उन्हाळ्यात भट्टी ओढ का धरत नाही?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर गेला की सूत रंगवण्यासाठी उघड्यावर पाणी तापवणाऱ्या लाकडी भट्टीचा धूर चिमणीऐवजी तोंडातूनच बाहेर येऊ लागतो आणि ‘उन्हाने हवा जड झाली’ असे त्याचे कारण सांगितले जाते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उन्हाने हवा हलकी होते, आणि नेमके तेच भट्टीच्या मुळावर येते.

चिमणीतील उष्ण वायूंचा स्तंभ आणि तितक्याच उंचीचा बाहेरील हवेचा स्तंभ यांच्या वजनांतील फरकामुळे ओढ, म्हणजे धूर वर खेचणारा दाबातील फरक, निर्माण होते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरील सोलापुरात ६ मीटर उंचीच्या चिमणीत वायूंचे तापमान २०० अंश धरले, तर बाहेर १५ अंश असताना ही ओढ सुमारे २७ पास्कल (दाबाचे एकक) भरते आणि बाहेर ४३ अंश असताना सुमारे २१ पास्कल. प्रवाह ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने हवेचा पुरवठा साधारण १२ टक्क्यांनी घटतो. ओली बाभूळ जाळणाऱ्या, काजळीने अरुंद झालेल्या चिमणीला एवढी घटही पेलवत नाही.

अशा वेळी जाळ वाढवून चिमणी आणखी तापवण्याचा मोह होतो. परंतु वायू जितका तापतो तितका तो विरळही होतो, म्हणून वेग वाढूनही चिमणीतून दर सेकंदाला जाणारे वस्तुमान एका मर्यादेनंतर घटू लागते. गणिताने ही मर्यादा वायूंचे केल्विनमधील तापमान बाहेरच्या तापमानाच्या दुप्पट झाले की येते. बाहेर ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन असेल, तर ती सुमारे ३३३ अंश सेल्सिअसला येते, आणि २०० अंशांनाच कमाल प्रवाहाच्या सुमारे ९६ टक्के प्रवाह मिळालेला असतो. त्यापुढची उष्णता पाण्याला न मिळता आकाशात जाते. म्हणून भट्टी सुधारायची तर चिमणी स्वच्छ ठेवणे, तिला बाहेरून उष्णतारोधक आवरण घालणे आणि हवा योग्य जागी देणे हे मार्ग आहेत. भट्टीला नजर लागली म्हणून तिच्या तोंडावर लिंबू-मिरची बांधल्याने वायूंच्या घनतेत काहीही फरक पडत नाही.

एक किलो कोरड्या लाकडाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे ६ किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात दीडपट ते दुप्पट द्यावी लागते. लाकडाच्या वस्तुमानाचा बहुतांश भाग तापताच ज्वलनशील वायू होऊन वर जातो, त्यामुळे जाळीखालच्या हवेइतकीच जाळाच्या वर दिलेली हवाही महत्त्वाची असते. पाणी तापले की हवेची झडप बंद करून जाळ घुसमटत ठेवण्याची पद्धत मला सर्वांत चुकीची वाटते, कारण त्यातूनच डांबरासारखा थर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यापेक्षा पाण्याची टाकी मोठी घ्यावी, तुराट्या किंवा वाळलेले लाकूड थोडे थोडे टाकून मोठ्या जाळाने जाळावे आणि गरम पाणी साठवून वापरावे. ओढ गरजेपेक्षा जास्त असेल, तर चिमणीच्या बुडाशी वजन लावलेली झडप बसवावी. ओढ वाढली की ती आपोआप उघडून बाहेरची हवा थेट चिमणीत घेते आणि जाळावरचा ताण कमी करते.

हे सर्व मोजताही येते. २७ पास्कल म्हणजे पाण्याची जेमतेम पावणेतीन मिलिमीटर उंची, जी उभ्या नळीत दिसणे कठीण असते. पण पारदर्शक नळी दहास एक या उताराने तिरकी ठेवून तिचे वरचे टोक चिमणीच्या बुडाशी आणि खालचे टोक पाण्याच्या रुंद भांड्यात सोडले, तर तेवढ्याच ओढीने पाणी नळीत सुमारे २७ मिलिमीटर सरकते आणि हवेची झडप किती उघडावी हे साध्या पट्टीने ठरवता येते.