छोट्या इंजिनाच्या पोटातलं पितळी चाक

रेल्वेची प्रतिकृती म्हणजे खरी गाडी मापात लहान केली की झालं, असा सार्वत्रिक समज आहे. सोलापुरात माझ्या घरी माळ्यावर प्लायवूडच्या फळीवर कुर्डुवाडी जंक्शन उभं राहतंय, तेही बार्शी लाइट रेल्वेच्या जमान्यातलं. पाहायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात, “गाडी अशी गचकन का थांबते? मोटर हलकी आहे का?” मोटर उत्तम आहे. प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि मला तो फार आवडतो.

आधी मापं. ‘एचओ’ प्रमाणात सगळं 87 पट लहान असतं. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेल्या या लाइनचे रूळ 762 मिलिमीटर रुंदीचे होते. भागिले 87 केले की पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतात, म्हणजे बाजारात ‘एन’ नावाच्या आणखी लहान प्रमाणासाठी मिळणारा 9 मिलिमीटरचा रूळ नॅरोगेजसाठी चपखल बसतो. आपलं ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरचं, त्याला 19.3 मिलिमीटर हवेत. तयार मिळणारा रूळ 16.5 चा, कारण तो परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या गेजवर बेतलेला. आणि वळणं? आपल्या ब्रॉडगेजवर 175 मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण नियमात बसत नाही. प्रतिकृतीत ती त्रिज्या 2 मीटर होते, म्हणजे नुसतं गोल फिरायलाच 4 मीटर रुंद खोली लागेल. इथे तडजोड करावीच लागते.

आता थांबण्याकडे वळू. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या खऱ्या गाडीची वीज बंद केली आणि ती, समजा, आणखी 4 किलोमीटर घरंगळत गेली. हे अंतर 87 ने लहान केलं तर 46 मीटर. मग आपली छोटी गाडीही 46 मीटर जायला हवी ना? नाही. घर्षणामुळे वेग ज्या दराने कमी होतो, तो दर गाडीच्या वजनावर अवलंबून नसतो. घर्षणाचा गुणांक आणि गुरुत्वाकर्षण तो ठरवतात. गुरुत्वाकर्षण काही 87 पट लहान होत नाही. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. वेग 87 पट कमी झाला की अंतर 87 गुणिले 87, म्हणजे 7569 पट कमी होतं. 4 किलोमीटरचे उरले जेमतेम 53 सेंटिमीटर! तेही खऱ्या रेल्वेइतकी गुळगुळीत चाकं गृहीत धरून. प्रत्यक्षात छोट्या गाडीत घर्षण कितीतरी जास्त असतं.

त्यात भर वर्म गिअरची. मोटरच्या दांड्यावरचा मळसूत्री दांता चाकाला फिरवतो, पण चाक उलट त्याला फिरवू शकत नाही. मोटर थांबली की चाकं जागच्या जागी जखडतात, त्यामुळे मागच्या डब्यांचा रेटा काही कामाचा नाही.

उपाय म्हणून मोटरच्याच दांड्यावर पितळेचं जड फ्लायव्हील बसवतात. जात्याचा खुंटा सोडला तरी वरचा दगड थोडा फिरत राहतो, तसंच हे. गणित पाहा. 20 मिलिमीटर व्यासाचं, 15 मिलिमीटर जाडीचं पितळी चाक साधारण 40 ग्रॅमचं होतं. मिनिटाला 6000 फेऱ्यांनी फिरताना त्यात सुमारे 0.4 ज्यूल ऊर्जा साठते. 400 ग्रॅमचं इंजिन सेकंदाला 32 सेंटिमीटरने, म्हणजे प्रमाणात ताशी 100 ने, धावताना त्याची स्वतःची गतिज ऊर्जा असते फक्त 0.02 ज्यूल. बोटाच्या पेराएवढ्या चाकात अख्ख्या इंजिनाच्या वीसपट! जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर साठा सोळापट होतो, कारण जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणून इंजिनाच्या बॉडीत मावेल तेवढं रुंद चाक बसवावं.

मूळ वस्तूची छोटी नक्कल केली की गुणही तसेच उतरतात, या समजावरच घरात ठेवायचे ‘वास्तू पिरॅमिड’ विकले जातात. इथे साधी गाडीसुद्धा लहान केल्यावर मोठीसारखी वागत नाही. मग मूळ दगडी पिरॅमिडातच नसलेल्या शक्तीची प्लास्टिकमध्ये नक्कल कुठून येणार?

सोलापुरात फ्लायव्हीलचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. चादरी-टॉवेलच्या या गावात हवेत तंतू आणि धूळ भरपूर. 12 व्होल्ट रुळांतून चाकांत येतात, मधे कचरा आला की वीज तुटते. फ्लायव्हील असेल तर इंजिन तेवढा टप्पा न अडखळता ओलांडतं. तरी रूळ पुसावेच लागतात आणि चाकांच्या आसाला गुंडाळलेला धागा चिमट्याने काढावा लागतो. उन्हाळ्यासाठी रुळांच्या सांध्यात फटीही सोडाव्यात: निकेल सिल्व्हरचा 3 मीटरचा सलग रूळ 25 अंशांच्या फरकाने सव्वा मिलिमीटर वाढतो.

इंजिन विकत घेताना दुकानातच ते उलटं धरा, चाकांना 12 व्होल्ट द्या आणि तारा झटकन काढा. चाकं तात्काळ थांबली तर आत फ्लायव्हील नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे.