बास वाढवला की आवाज फाटतो का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या एखाद्या कारखान्यात डोकावून बघा, मागांची खडखड इतकी की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं, आणि त्यातच पोरं इयरफोन घालून गाणी ऐकत काम करत असतात. व्हॉल्यूम फुल्ल. फोनवर आवाज जास्त असल्याची वॉर्निंग आली की ओके दाबून मोकळे. तेवढ्यानं भागलं नाही की इक्वलायझर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) उघडून बास म्हणजे जाड सूर पार वर ओढायचा, मग आवाज फाटला की शिव्या इयरफोनला!

पण इयरफोन बऱ्याचदा बिचारा निर्दोष असतो. सीडी दर्जाच्या गाण्यात आवाजाची लाट १६ बिटच्या आकड्यांत लिहिलेली असते, सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७, त्याच्या वर जागाच नाही. हल्लीची बरीच गाणी आधीच तिथपर्यंत ठासून भरलेली, त्यात बास ६ डेसिबलनं वाढवला म्हणजे बासची लाट दुप्पट उंच, ३०,००० चे ६०,००० होणार, ते मावणार कुठं? मग शेंडा कापला जातो, लाट वरून सपाट. यालाच क्लिपिंग म्हणतात. सपाट लाटेत मूळ गाण्यात नसलेले वरच्या पट्टीचे सूर घुसतात, तीच ती खरखर. इक्वलायझरमध्ये प्रीअ‍ॅम्प (सगळाच आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी) असेल तर तो तेवढाच ६ नं खाली घ्या, फाटणं बहुतेक थांबतं.

व्हॉल्यूमची मर्यादा ही वेगळी भानगड, ती कानासाठी. फ्रान्समध्ये १०० डेसिबलच्या नियमापायी २००२ साली आयपॉडची विक्री थांबवावी लागली होती, सॉफ्टवेअर बदलल्यावर परत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा हिशेब सोपा आहे, मोठ्या माणसाला ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतील, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८९ ला ५ तास, ९८ ला जेमतेम ३७ मिनिटं. आठवड्याची, दिवसाची नाही बरं का!

शिवाय वायरचा इयरफोन कुठला लावलाय हे फोनला सहसा कळत नाही, त्यामुळं व्हॉल्यूमच्या एकाच खुणेवर एक इयरफोन हळू आणि दुसरा कानठळ्या बसवणारा असं होतं. कारखान्यात ऐकायचंच असेल तर कानात घट्ट बसणारे रबरी टिपवाले घ्या, खडखड कमी आत येते म्हणून गाणं बऱ्याच कमी व्हॉल्यूमला ऐकू येतं. फोन मोजतो तो फक्त गाण्याचा आवाज, मागांचा त्यात धरलेलाच नसतो.