आत्याची रात्रपाळी

रात्री साडेदहा वाजले की आत्या पर्स काखेत मारून दाराशी जायची. कडीशी झटापट करायची, उघडली नाही की आरडाओरडा. नर्सिंग ब्युरोतून आलेल्या बाईंच्या वहीत रोज तीच नोंद: 'पेशंट पळून जायला बघते.' मग शांत ठेवायची गोळी सुरू झाली. आत्या दिवसभर पेंगायला लागली आणि एकदा बाथरूममध्ये पडली.

त्या बाई गेल्या, दुसऱ्या मावशी आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या आधी काय करायच्या?" आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, उभी हयात नाइट ड्युटी. आम्हा सगळ्यांना हे पाठ होतं, पण वहीत कुणीच लिहिलं नव्हतं. ती पळून जात नव्हती, कामावर निघत होती.

आत्याला झालेल्या डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, माणूस असं का वागतो, याचं सरधोपट उत्तर म्हणजे मेंदूच्या पेशी मरतात म्हणून. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले टॉम किटवुड यांना हे उत्तर अर्धंच वाटलं. झीज खरी, पण आजूबाजूच्यांच्या वागण्याने माणूस आणखी खचतो, असं त्यांचं म्हणणं. १९९७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी अशा वागण्याचे सतरा प्रकार दिले. रुग्ण समोर बसलेला असताना 'यांनी जेवण केलं का?' असं तिसऱ्यालाच विचारणं. लहान मुलाशी बोलावं तसं बोलणं. पहिला घास गिळायच्या आत दुसरा पुढे करणं. करणारा दुष्ट नसतो, हेही ते बजावतात. त्याला फक्त घाई असते. (यातले निदान पाच प्रकार आमच्या घरात रोज चालायचे, तेही मायेपोटी.)

किटवुड नुसतं प्रवचन देऊन थांबले नाहीत, म्हणून ते मला आवडतात. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजायची रीत बसवली. प्रशिक्षित निरीक्षक वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत काही तास बसून राहतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी टिपतो: माणूस काय करतोय, आणि उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवर त्याची मनःस्थिती कुठे आहे. न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या वर्ज्य. मग तो तक्ता कर्मचाऱ्यांपुढे ठेवायचा. अमुक आजोबा दुपारभर भिंतीकडे बघत होते आणि त्यांच्याशी एकदाच कुणीतरी बोललं, ते 'पाय उचला' एवढंच, हे कागदावर दिसलं की वाद घालायला जागा उरत नाही.

'पण त्यांना कुठे लक्षात राहतंय?' असं आपण सहज म्हणून जातो. यावर आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) झालेल्या १७ जणांना त्यांनी दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात चित्रफितीत काय होतं ते बहुतेक पुसलं गेलं, पण मनातली भावना टिकून राहिली. गंमत म्हणजे, ज्यांना तपशील सर्वांत कमी आठवत होते त्यांचं दुःख जास्त वेळ रेंगाळलं. ताज्या घटना साठवणारा मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग या आजारात लवकर निकामी होतो, भावना मात्र त्याच्यावाचूनही तग धरतात. म्हणजे सकाळी कुणी खेकसलं हे आत्या दहा मिनिटांत विसरेल, पण का ते न कळता दुपारपर्यंत कावरीबावरी राहील. आणि आपण त्याला 'आज मूड नाही' म्हणू.

गोळ्यांचा हिशेब वेगळाच आहे. २००९ साली ब्रिटिश सरकारसाठी झालेल्या एका आढाव्यात अंदाज मांडला होता, की तिथे डिमेन्शियाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना वर्षाकाठी अँटीसायकोटिक, म्हणजे शांत ठेवायची, औषधं दिली जात होती. त्यातल्या जेमतेम ३६,००० जणांना काही उपयोग होत होता आणि वर्षाला सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे होत होते.

मग गोळीऐवजी काय? २०१८ साली ब्रिटनमधल्या ६९ नर्सिंग होममधल्या ८४७ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना माणूस ओळखून सेवा करायचं प्रशिक्षण दिलं आणि प्रत्येक रहिवाशासोबत आठवड्याला तासभर, त्याच्या आवडीचं काहीतरी करत, गप्पांमध्ये घालवायला सांगितलं. नऊ महिन्यांनी तिथल्या लोकांचं जगणं थोडं सुधारलं, चिडचिड थोडी कमी झाली आणि खर्चही नेहमीपेक्षा कमी आला. 'थोडं' हा शब्द मुद्दाम वापरतोय. आजार बरा झाला नाही, होणारही नव्हता.

मावशींनी एकदा वेगळीच शक्कल लढवली. साडेदहाला आत्या दाराशी गेली, तशी त्या म्हणाल्या, "आज तुमची रजा आहे." ही फसवणूकच, आणि किटवुडच्या सतरा प्रकारांत फसवणूक आहे. आत्याने ऐकलंही नाही. दुसऱ्या रात्री मावशी तिच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. "ताई, नागपूरला ट्रंक कॉल लावायचा तर आधी काय करायचं?"

आत्या ताठ बसली. "आधी 'नंबर प्लीज' म्हणायचं," ती म्हणाली, "आणि आवाज चढवायचा नाही."

मग कधी अर्धा तास, कधी तासभर शिकवणी चालायची. पर्स मांडीवर ठेवूनच तिचा डोळा लागायचा. दाराला कुलूप आम्ही तरीही लावत होतो.