लेप्टिन वाढतं तेव्हा ॲडिपोनेक्टिन घटतं

इंदूरच्या मराठी घरांत गुबगुबीत पोराचं ‘खात्यापित्या घरचं’ म्हणून अजून कौतुक होतं. तेच आईबाबा माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला येतात तेव्हा म्हणतात, “ताई, याचं लेप्टिन कमी असणार, म्हणून सारखं खाखा करतो.” हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते.

लेप्टिन हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. चरबीच्या पेशींत बनतं, मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं, १९९४ साली सापडलं.

ॲडिपोनेक्टिन हे दुसरं हार्मोन. तेही चरबीतच बनतं, आणि घोळ होतो तो इथेच. चरबीत बनतं म्हणजे चरबीबरोबर वाढणारच, असं सगळे धरून चालतात. होतं नेमकं उलट. पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी साठत गेली, की तिच्या पेशी फुगतात, तिथे सूज धरते आणि ॲडिपोनेक्टिन बनणं मंदावतं. त्याचं कामही निराळं. लेप्टिन मुख्यतः भुकेचं बघतं. ॲडिपोनेक्टिनमुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देतात. यकृत रक्तात साखर कमी सोडतं, स्नायू चरबी जाळतात. ते घटलं की तेवढ्याच साखरेसाठी शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. असं वाढलेलं इन्सुलिन पुष्कळदा मानेवर दिसतं: काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा. तो मळ नाही. कृपा करून पोराची मान घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता लेप्टिनकडे परत. लठ्ठ मुलाच्या रक्तात ते सहसा जास्तच असतं. मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो. जन्मतःच लेप्टिन न बनणारी मुलं जगात अगदी मोजकी. केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा मुलांना त्याची इंजेक्शनं दिली, तेव्हा त्यांची अनावर भूक खरोखर आवरली. त्या मुलांचा दाखला देऊन कुणी ‘लेप्टिनच्या गोळ्या’ खपवू लागलं की माझा संताप होतो. लेप्टिन हे प्रथिन आहे, गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल.

लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिनच्या महागड्या तपासण्या आधी करून येऊ नका. मला शिवणकामाची टेप पुरते. सहा वर्षांपुढच्या मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांना विचारून साखर आणि यकृत तपासून घ्या.